क्रेडिटपुरते पर्यावरण नको



हायस्कूलची शेवटची दोन वर्षे आली की आपल्या मंडळींत एक अलिखित यादी फिरू लागते. कोणता कोर्स अवघड पण ‘वजनदार’, कोणता सोपा पण ग्रेड चांगली देणारा, कोणता उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात जाऊन उरकून टाकावा, याची ती यादी. पर्यावरणशास्त्राचा प्राथमिक कोर्स या यादीत वर्षानुवर्षे एकाच रकान्यात आहे: ‘सोपा आहे, विज्ञानाची अट भागते, उरकून टाका.’ या शेऱ्याबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून हा लेखनप्रपंच. आमचे मत असे की आपल्या मुलांनी, विशेषतः कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलांनी, हा कोर्स अवश्य घ्यावा, पण उरकण्यासाठी घेऊ नये. ही मुले पुढे ज्या वस्तू बनवणार आहेत त्यांचा जमाखर्च पुरा कसा मांडायचा, हे पहिल्या वर्षाचा दुसरा कोणताही कोर्स त्यांना शिकवीत नाही.

आम्ही या विषयातले तज्ज्ञ नव्हे. आमचा पेशा सॉफ्टवेअरचा. भारतात इंजिनिअरिंगची चार वर्षे काढली, त्यांत थर्मोडायनामिक्स होते, इंजिनिअरिंग ड्रॉइंग होते, वर्कशॉपमध्ये कानस घासणेही होते. मात्र कारखान्याच्या मागच्या दाराने काय बाहेर पडते आणि ते कुठे जाते, या प्रश्नाला चार वर्षांत एकही मार्क नव्हता. आमच्या थोरलीने गेल्या वर्षी इथल्या कम्युनिटी कॉलेजात हा कोर्स घेतला. तिचे पुस्तक, गृहपाठ आणि प्रयोगांच्या नोंदी जेवणाच्या टेबलावर पडलेल्या असत, त्या आम्हीही वाचत गेलो. पुढे जे लिहिले आहे ते त्या वाचनातून आले आहे.

या कोर्समध्ये असते तरी काय? कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची चक्रे, अन्नसाखळी, लोकसंख्येची वाढ, माती, पाणी, हवा, ऊर्जा, कचरा, विषारी द्रव्यांचा डोस आणि परिणाम यांचे नाते, आणि शेवटी कायदे. प्रयोगशाळेत मुले ओढ्याच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतात, बरणीत माती ढवळून वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे थर बघतात, कॉलेजच्या कचऱ्याचे डबे पालथे घालून वजन करतात. वरवर पाहता हे सारे भेळ केल्यासारखे वाटते. पण या सगळ्यामागे एकच नियम आहे, आणि तो आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे: वस्तुमान नष्ट होत नाही. म्हणून ‘फेकून दिले’ या क्रियापदाला विज्ञानात अर्थ नाही. फेकायला ‘बाहेर’ नावाची वेगळी जागाच नाही. प्रत्येक गोष्टीबद्दल तीन प्रश्न विचारावे लागतात: ही कुठून आली? ही कुठे गेली? आणि तिची किंमत कोणी भरली?

हे शिकायला ॲमेझॉनच्या जंगलात किंवा उत्तर ध्रुवावर जावे लागत नाही. आपण ज्या सांता क्लारा खोऱ्यात राहतो, तिथे या पुस्तकातले जवळजवळ प्रत्येक प्रकरण जमिनीत पुरलेले आहे. चार उदाहरणे देतो.

पहिले पाऱ्याचे. सॅन होजेच्या दक्षिणेला न्यू अल्मादेनच्या टेकड्यांत १८४० च्या दशकात पाऱ्याची खाण सुरू झाली. पुढे सोन्याची लूट सुरू झाली तेव्हा खडीतून सोन्याचे कण वेचण्यासाठी हाच पारा वापरला गेला. खाण बंद होऊन काही दशके उलटली, तिथे आता काउंटीचे सुंदर उद्यान आहे आणि आपल्यापैकी कितीतरी जण तिथे फिरायला जातात. पण जवळच्या तलावांच्या काठी ‘इथले मासे खाऊ नका’ अशा पाट्या आजही आहेत. गाळातल्या पाऱ्याचे जिवाणू मिथाइल मर्क्युरी करतात, ते सूक्ष्म जीवांतून लहान माशात आणि लहान माशांतून मोठ्या माशात साठत जाते. सोने नेणाऱ्यांनी सोने नेले, आणि दीडशे वर्षांनंतर गळ टाकून बसलेल्या माणसाने मासा परत पाण्यात सोडायचा. वड्याचे तेल वांग्यावर काढणे ही आपली जुनी म्हण आहे. अर्थशास्त्रात याच गोष्टीला भारदस्त नाव आहे इतकेच.

दुसरे उदाहरण पाण्याचे. सिलिकॉन येण्यापूर्वी हे खोरे जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागांचे होते. बागांसाठी आणि नंतर वाढत्या शहरासाठी विहिरी खोदून इतके पाणी उपसले गेले की जमीनच खाली बसली. १९१५ च्या सुमारापासून १९६९ पर्यंत सॅन होजेचा मध्यभाग सुमारे १३ फूट खचला. खाडीकाठचे अल्विसो समुद्रसपाटीच्याही खाली गेले. कारण साधे आहे: चिकणमातीच्या थरांतले पाणी निघून गेले की ते थर दबतात, आणि एकदा दबलेला थर पुन्हा पाणी भरले तरी फुगून वर येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण ऐकले होते. आड रिकामा झाला की अंगणही खचते, हे या खोऱ्याने दाखवले.

पण या गोष्टीचा उत्तरार्ध चांगला आहे, आणि तोही मुलांना कळला पाहिजे. लोकांनी १९२९ मध्ये पाण्यासाठी स्वतंत्र जिल्हा संस्था स्थापन केली, १९३० च्या दशकात ओढ्यांवर धरणे बांधली, पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवण्यासाठी तळी केली. १९६५ पासून बाहेरून कालव्याचे पाणी येऊ लागले आणि १९७० च्या आसपास खचणे थांबले. कॅम्पबेलला लॉस गॅटोस ओढ्याकाठी आपण ज्या तळ्यांभोवती स्ट्रोलर ढकलत फिरतो, ती शोभेची तळी नाहीत. पाणी मुरवण्याचे काम ती आजही करीत आहेत.

तिसरे उदाहरण आपल्या धंद्याच्या अगदी जवळचे. चिप बनवण्याच्या कारखान्यात ‘क्लीन रूम’ असते. ही स्वच्छता चिपसाठी. चिप धुवायला जी द्रावके वापरली जात, ती वापरून झाल्यावर जमिनीखालच्या टाक्यांत साठवीत. टाक्या जमिनीखाली पुरल्या जात त्या आगीच्या भीतीने, म्हणजे हेतू सुरक्षिततेचाच होता. १९८१ च्या अखेरीस दक्षिण सॅन होजेतल्या फेअरचाइल्ड कंपनीच्या कारखान्यातली अशी एक टाकी गळत असल्याचे उघडकीस आले. हजारो गॅलन द्रावक जमिनीत गेले होते आणि जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोचले होते. १९८२ च्या जानेवारीत हे वर्तमानपत्रांत आले. त्या वस्तीतल्या एका आईने नकाशावर आजारी मुलांची घरे मांडायला सुरुवात केली. राज्याच्या आरोग्य खात्याने पाहणी केली, तेव्हा गर्भपात आणि जन्मजात दोष यांचे प्रमाण तुलनेच्या वस्तीपेक्षा जास्त आढळले. पण ते त्या पाण्यामुळेच झाले, असे मात्र पुढच्या अभ्यासातही सिद्ध झाले नाही.

पुढे आजूबाजूला शोध घेतला तेव्हा गळक्या टाक्या एकामागून एक सापडत गेल्या. परिणाम असा की चिमण्यांतून धूर न सोडणारा ‘स्वच्छ उद्योग’ म्हणून ज्या खोऱ्याची ख्याती, त्याच काउंटीत सुपरफंडच्या यादीतली २३ ठिकाणे आहेत, देशातल्या कोणत्याही काउंटीपेक्षा जास्त. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. यांतल्या बऱ्याच ठिकाणी ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावक सापडते. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असते, त्यामुळे भूजलात खाली खाली बुडत जाते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. माउंटन व्ह्यूमध्ये मिडलफील्ड रोड, एलिस स्ट्रीट आणि व्हिस्मन रोड यांच्या परिसरात ते काढण्यासाठी अनेक दशके पाणी उपसून शुद्ध केले जात आहे. तिथे जुन्या कारखान्यांच्या जागी आता सॉफ्टवेअरची कार्यालये आहेत. जमिनीतून येणारी वाफ इमारतीत शिरू नये म्हणून तिथे वेगळी व्यवस्था ठेवावी लागते. ई.पी.ए. या केंद्रीय संस्थेने २०११ साली हे द्रव्य माणसात कर्करोग निर्माण करणारे असल्याचे ठरवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर बंदीचा नियम जाहीर केला. त्यावर लगेच कोर्टकज्जेही सुरू झाले.

या एका प्रकरणात प्राथमिक कोर्सचे अर्धे पुस्तक आले. रसायनशास्त्र आले, भूगर्भ आला, आरोग्य आले, कायदाही आला. टाक्यांना दुहेरी भिंत आणि गळती कळण्याची सोय सक्तीची करणारे नियम १९८३ साली याच काउंटीतून आणि या राज्यातून निघाले आणि १९८४ मध्ये केंद्राच्या कायद्यातही तशी तरतूद झाली. शिवाय आणखी एक धडा मिळाला, जो गणिताच्या वर्गात मिळत नाही. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘घडले नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. त्याचबरोबर नकाशावर ठिपके जवळ जवळ दिसले म्हणजे कारण सापडले, असेही नव्हे. या दोन टोकांच्या मध्ये उभे राहून निर्णय कसा घ्यायचा, तोपर्यंत विहीर बंद ठेवायची की चालू, हे ठरवणे कठीण असते. अठराव्या वर्षी अशा प्रश्नाशी एकदा तरी झटापट झालेली बरी.

चौथे उदाहरण आजचे. ‘आम्ही तर नुसता कोड लिहितो, आमचा धूर कुठे?’ असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. आपण ज्याला क्लाउड म्हणतो तो आकाशात नसतो, तो जमिनीवरच्या मोठाल्या शेडमध्ये असतो. त्याला वीज लागते, थंड ठेवावे लागते आणि पुष्कळदा त्यासाठी पाणीही लागते. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ साली अमेरिकेतल्या एकूण विजेपैकी सुमारे ४.४ टक्के वीज डेटा सेंटर्सनी वापरली. आपल्या मुलांच्या हातून हा आकडा वाढणार आहे किंवा आटोक्यात राहणार आहे. तेव्हा तो कुठून आला हे त्यांना ठाऊक असलेले बरे.

आता आक्षेपांकडे वळू. पालकांच्या गप्पांतून तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात.

पहिला असा की हे खरे विज्ञान नाही, नुसती प्रवचनबाजी आहे. प्रवचन करणारे शिक्षक असतील, नाही असे नाही. पण पाण्यातला प्राणवायू मोजताना प्रवचन उपयोगी पडत नाही. उलट सवंग प्रवचन ओळखण्याची अक्कल या कोर्समुळे येते. एक उदाहरण सांगतो. दात घासताना नळ बंद ठेवा, हे मुलांना बालवाडीपासून शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण कॅलिफोर्नियात माणसाच्या वापरातल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के शेतीला जाते, हे कळल्यावर नळाचे महत्त्व किती आणि कोणत्या शेताला किती पाणी द्यावे या निर्णयाचे किती, याची मोजपट्टी हाती येते. इंजिनिअरला मोजपट्टीचे महत्त्व सांगायला नको.

दुसरा आक्षेप: इंजिनिअर होणाऱ्याला याचा उपयोग काय? याला उत्तर म्हणून टॉमस मिजली या इंजिनिअरचे नाव सांगावेसे वाटते. मोटारीच्या इंजिनातला ठोका थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती १९२१ साली त्याची. रेफ्रिजरेटरमधला विषारी वायू बदलून त्या जागी सुरक्षित म्हणून सी.एफ.सी. आणले, १९३० च्या सुमारास, तेही त्याच्याच पुढाकाराने. दोन्ही शोध समोरच्या प्रश्नाचे चोख उत्तर होते. इंजिन ठोकत नव्हते, फ्रिज कोणाला मारत नव्हता. पण शिसे मुलांच्या रक्तात गेले आणि सी.एफ.सी. ओझोनच्या थरापर्यंत पोचले. प्रश्नाची चौकट किती मोठी काढायची हे चुकले की उत्तर बरोबर असूनही नुकसान होते. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रोग्रॅम टेस्टमध्ये पास झाला, पण टेस्ट लिहिताना बाहेरचे जग धरलेच नव्हते.

तिसरा आक्षेप आयांचा असतो आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या कोर्समुळे मुले निराश होतात. बर्फ वितळतोय, जंगले जळताहेत, मग अभ्यास तरी कशाला करायचा, असे म्हणू लागतात. ही भीती खोटी नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये वणव्यांच्या धुराने इथले आकाश दिवसभर नारिंगी झाले होते, ते आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण न शिकण्याने ती निराशा जात नाही, ती अर्धवट माहितीवर वाढते. शिकलेल्या मुलाला हेही कळते की खचणारे खोरे थांबवता आले. हेही कळते की अर्व्हाइनमध्ये काम करणाऱ्या मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली सी.एफ.सी.चा धोका कागदावर मांडला, १९८७ मध्ये माँट्रिअलचा करार झाला आणि १९९५ मध्ये त्या दोघांना क्रुट्झन यांच्यासह नोबेल मिळाले. शास्त्रज्ञांनी सांगितले, सरकारांनी ऐकले आणि कारखाने बदलले. असे नेहमी होत नाही, पण होऊ शकते, हे आकड्यांनिशी ठाऊक असलेला मुलगा हातपाय गाळत नाही.

कोर्समध्ये दोष नाहीत असे आमचे म्हणणे नाही. दहा आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये सगळ्या पृथ्वीची फेरी मारायची म्हणजे प्रत्येक स्टेशनावर गाडी एकच मिनीट थांबते. काही ठिकाणी प्रयोगशाळा ऐच्छिक असते आणि मुले ती हमखास वगळतात. परीक्षा बहुपर्यायी असली की व्याख्या पाठ करून भागते. तेव्हा ‘सोपा विषय’ हा शेरा अगदीच हवेतून आलेला नाही. विषय सोपा करून घेता येतो, हे खरे. पण तसा तर इतिहासही करून घेता येतो आणि आपली मराठीही.

भारतातला अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी लिहिले आणि ते पुस्तक चांगले आहे. तरीही आपल्या भाचे-पुतण्यांना विचारून पाहा. बहुतेक जण ‘ईव्हीएसचा प्रोजेक्ट’ म्हणजे शेवटच्या आठवड्यात कुणाचा तरी बघून लिहायचा आणि बाइंडिंग करून द्यायचा कागदांचा गठ्ठा, असेच सांगतील. सक्ती केली तरी विषय उरकला जातो आणि ऐच्छिक ठेवला तरी उरकला जातो. म्हणजे प्रश्न सक्तीचा नसून घरात त्या विषयाबद्दल काय बोलले जाते याचा आहे. ‘ए मिळाला ना, मग झाले’ हे वाक्य मुले आपल्याच तोंडून ऐकतात.

आपण परक्या देशात येऊन इथे घरे केली. गावाकडे असताना विहीर कोणाची, ओढा कुठून येतो, उन्हाळ्यात कोणते पाणी आटते हे लहान पोरालाही ठाऊक असे. इथे वीस-वीस वर्षे राहून आपल्यातल्या अनेकांना घराजवळच्या ओढ्याचे नाव सांगता येत नाही. मुलांचे तसे होऊन चालणार नाही, कारण हेच त्यांचे गाव आहे. रविवारचा वर्ग त्यांना आजी-आजोबांची भाषा देतो. ज्या मातीवर ती वाढली तिची ओळख या कोर्समधून होऊ शकते.

म्हणून तीन सूचना करतो. पालकांनी हा कोर्स ‘उरकून टाका’ या रकान्यातून काढावा आणि मुलाने घेतला तर प्रयोगशाळेसह घ्यायला सांगावे, ग्रेड थोडी खाली आली तरी चालेल. विद्यार्थ्यांनी कोर्समधला प्रत्येक धडा स्वतःच्या पिनकोडवर, म्हणजे इथल्या झिपकोडवर, लावून पाहावा. सुपरफंडची ठिकाणे, पाण्याचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, हवेचे आकडे हे सारे सर्वांना मोफत पाहता येते. आणि आपल्या वर्गाच्या बाईंना विनंती की मोठ्या मुलांना पुढच्या सत्रात एक निबंध द्यावा: ‘आमच्या नळाचे पाणी कुठून येते?’ कुणाच्या घरी ते योसेमिटीतल्या हेच हेची धरणातून येत असेल, कुणाकडे खाडीच्या पलीकडच्या डेल्टातून, तर कुणाकडे पायाखालच्याच जमिनीतून. निबंध मराठीतच लिहायचा, आणि त्यासाठी भारतातल्या आजीला किंवा आजोबांना फोन करून त्यांच्या लहानपणी पाणी कुठून आणीत हेही विचारायचे. चांगले निबंध याच झेरॉक्स पानांवर छापावेत. कागद पाठपोट वापरावा, एवढी मात्र संपादकांना आगाऊ सूचना.

— एक पालक